लंडनचे कमानगर आणि तीरगर

इंग्रजी वाङ्मयाच्या वाचकांना जॉन फ्लेचर या नाटककाराचें नांव परिचित आहे. शेक्सपिअरच्या उत्तरकाळांत रंगभूमीवर ज्यांनीं नांव मिळविलें, त्यांत त्याची गणना होते. परंतु फ्लेचर हें आडनांव लेखणीवरून पडलेलें नाहीं. तें बाणावरून पडलेलें आहे. फ्रेंच भाषेंत बाणाला ‘फ्लेश’ म्हणतात आणि तो करणारा तो फ्लेचर. त्याचप्रमाणें बोयर म्हणजे धनुष्य करणारा, स्ट्रिंगर म्हणजे धनुष्याची दोरी वळणारा आणि ॲरोस्मिथ म्हणजे बाणाचें लोखंडी टोक घडविणारा लोहार. आपल्याकडे तांबट, कासार, सुतार हीं आडनांवें जशीं धंद्याची आठवण जागी ठेवतात, तशींच हीं चार आडनांवें इंग्लंडांतील एका लोपलेल्या उद्योगाची साक्ष देतात.

या चार धंद्यांपैकीं दोहोंचे संघ लंडन शहरांत आजही नांदत आहेत. चारशें वर्षांपूर्वीं इंग्लंडच्या सैन्यांतून धनुष्य बाद झालें. त्याबरोबर त्यावर पोट भरणाऱ्यांचे संघही बुडावयास हवे होते. दोरी वळणाऱ्यांचा संघ खरोखरच नामशेष झाला. पण धनुष्य करणारांचा आणि बाण करणारांचा संघ उरला. तो कशाच्या बळावर उरला, आणि जें उरलें तें नेमकें काय, याचा उलगडा त्यांच्या इतिहासांतच होतो. मराठींत या दोन कारागिरांना कमानगर आणि तीरगर असे जुने शब्द आहेत. तेच येथें योजले आहेत.

इंग्लंडच्या राजांनीं फ्रान्सशीं जें दीर्घ युद्ध केलें, त्यास शतवार्षिक युद्ध म्हणतात. तें इ. स. १३३७ मध्यें सुरू झालें व १४५३ मध्यें संपलें. त्यांतील तीन लढाया इंग्रज शाळकरी मुलाच्या तोंडीं असतात : १३४६ ची क्रेसीची, १३५६ ची पॉइटियर्सची आणि १४१५ ची ॲजिनकोर्टची. तिन्ही लढायांत इंग्रज सैन्य संख्येनें कमी होतें आणि तिन्ही लढायांत जय त्याचाच झाला. या जयाचें श्रेय मुख्यतः तिरंदाजांना दिलें जातें. सरदार घोड्यावर बसून चिलखतांत लढत. हे तिरंदाज साधे शेतकरी, गवळी आणि गांवकरी असत. त्यांच्या हातांत माणसाच्या उंचीएवढें किंवा त्याहूनही लांब धनुष्य असे.

या धनुष्याचा पराक्रम सांगतांना एक साधा हिशेब बहुधा कोणी करीत नाहीं. ॲजिनकोर्टला इंग्रजांकडे पांच ते सात हजार तिरंदाज होते. सराईत तिरंदाज मिनिटाला दहा बाण सोडूं शकतो असें धरलें, तर पांच हजार तिरंदाज एका मिनिटांत पन्नास हजार बाण सोडतील. बाणांची जुडी चोवीसांची असे. म्हणजे एक जुडी अडीच मिनिटांत संपली! प्रत्येकापाशीं दोनच जुड्या होत्या असें मानलें, तरी २,४०,००० बाण झाले. प्रत्येक बाणाला तीन पिसें, म्हणजे ७,२०,००० पिसें झालीं. यांतला एकही बाण यंत्रानें झालेला नव्हता. प्रत्येकाची काडी कोणीतरी हातानें तासली होती, प्रत्येक पीस कोणीतरी हातानें चिकटविलें होतें आणि प्रत्येक टोक कोणीतरी ऐरणीवर ठोकलें होतें. रणांगणावर जे पांच-सात हजार दिसतात, त्यांच्या पाठीमागें हे न दिसणारे कारागीर उभे होते.

हे कारागीर सुटे सुटे नव्हते. मध्ययुगीन युरोपांत प्रत्येक मोठ्या शहरांत धंदेवार संघ असत. आपल्या देशाला ही कल्पना नवी नाहीं. नाशिकच्या पांडवलेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखांत गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे त्यानें तीन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवल्याचें नमूद आहे. त्यांच्या व्याजांतून भिक्षूंना वस्त्रें द्यावयाचीं होतीं. ज्यांच्यापाशीं राजाचा जांवई कायमची ठेव ठेवतो, त्या श्रेणीची पत केवढी असली पाहिजे! पेठांतील शेटे-महाजनांच्या व्यवस्थेंतही याच वृत्तीचा अंश दिसतो. लंडनचे संघ याच जातीचे होते. फरक इतकाच कीं, त्यांचे नियम, हिशेब आणि निवडणुका लेखी राहिल्या आणि त्यांची परंपरा कोठें तुटली नाहीं.

संघाचा मुख्य तो मास्टर. त्याच्या हाताखालीं वॉर्डन म्हणजे निरीक्षक. त्यांना सल्ला देण्यास अनुभवी कारागिरांचें मंडळ, लिहिण्या-वाचण्यास कारकून आणि निरोप पोंचविण्यास व सभेची शिस्त राखण्यास बीडल नांवाचा चोपदार. हे पुढारी जन्मानें ठरत नसत. धंद्यांतील माणसें त्यांना आपल्यांतून निवडीत. मुलगा सामान्यतः सात वर्षें उस्तादाच्या घरीं राहून, त्याच्याच पंक्तीला जेवून काम शिके. त्यानंतर संघ त्याची दखल घेई आणि मग त्यास स्वतःच्या नांवानें दुकान मांडतां येई. वर्गणी जमे. तींतून आजारी कारागिराला मदत होई, विधवेला हातभार लागे आणि गरिबाच्या प्रेतसंस्काराचा खर्च निघे. संघाचे लोक सणाला एकत्र चर्चमध्यें जात आणि एकत्र जेवीत.

परंतु पुढाऱ्यांचें खरें काम निराळेंच होतें. तें झडतीचें होतें. वॉर्डन धंद्यांतील कोणाच्याही दुकानांत शिरून माल तपासूं शकत. लांकूड ओलें आहे काय, जोड निखळता आहे काय, पीस कुजकें आहे काय, हें ते पाहत. खोटा माल सांपडला तर तो जप्त होऊन नगराध्यक्षापुढें जाई. लंडनच्या अनेक धंद्यांत असा माल भर बाजारांत जाळून टाकण्याची रीत होती. ज्या वॉर्डननें झडती घ्यावयाची, तो स्वतःही त्याच धंद्यांतला. आज तो तपासणारा आणि उद्यां तपासला जाणारा. त्यामुळें त्याच्या डोळ्यांत धूळ फेंकणें सोपें नव्हतें आणि त्यानें अकारण छळ करणेंही सोपें नव्हतें.

आरंभीं धनुष्य आणि बाण हे दोन्ही जिन्नस करणारे कारागीर लंडनांत होते. एकाच दुकानांत दोन्ही मिळाले तर गिऱ्हाइकाची सोयच, असें वरवर वाटतें. पण इ. स. १३७१ मध्यें हा प्रश्न नगराध्यक्षांपुढें गेला आणि दोन्ही धंदे कायमचे वेगळे करण्यांत आले. कमानगरानें बाण करावयाचे नाहींत, तीरगरानें धनुष्याला हात लावावयाचा नाहीं. जो दोन्ही करीत होता त्यानें एक पत्करावें. यांत परस्परांच्या पोटावर पाय येऊं नये हा हेतु होताच. पण दोन्ही कामांचा स्वभाव पाहिला, म्हणजे या निर्णयाचें दुसरेंही मर्म कळतें.

धनुष्य करणें म्हणजे लांकडाचें मन ओळखणें होय. उत्तम धनुष्य यू नांवाच्या झाडाचें. या झाडाचें बाहेरचें पांढरट लांकूड ताण सोसतें आणि आंतलें तांबूस लांकूड दाब सोसतें. कमानगर फळी अशी काढी कीं, पांढरा थर तिरंदाजाच्या समोरच्या बाजूस आणि तांबडा त्याच्या पोटाच्या बाजूस यावा. निसर्गानें एकाच फळींत दोन गुण ठेवलेले. ते न बिघडवितां उघडे करणें एवढेंच कारागिराचें काम. गांठ आली तर ती कापून काढावयाची नाहीं, तिच्या भोंवतीं लांकूड राखावयाचें. रंधा एकदां चुकला तर ती फळी सरपणाची झाली. सबंध दिवसांत थोडेंच काम व्हावयाचें आणि तें सावकाशीचें व्हावयाचें.

बाणाचें काम याच्या उलट. तेथें एकाच वस्तूची हजारों वेळां हुबेहूब आवृत्ति काढावयाची. काडी सरळ हवी, वजन सारखें हवें. हंसाचीं किंवा बदकांचीं वाटेल तीं पिसें चालत नसत. पाळीव कलहंसाच्या पंखाचीं पिसें उत्तम समजलीं जात. एका बाणाचीं तिन्ही पिसें एकाच बाजूच्या पंखाचीं असावीं लागत, कारण डाव्या आणि उजव्या पंखाच्या पिसांचा बांक निराळा. तिहींपैकीं एक पीस बहुधा वेगळ्या रंगाचें ठेवीत. त्यामुळें बाण दोरीवर कसा ठेवावयाचा हें तिरंदाजाला घाईंतही कळे. पिसें सरसानें चिकटवून वर बारीक दोरा गुंडाळीत. एका हाताला सावकाशी लागते आणि दुसऱ्याला झपाटा. दोन्ही एकाच माणसानें केलीं, तर एकांत तो कच्चा राहणारच.

तीरगरांच्या संघाचे नियम १४०३ मध्यें नगराच्या अधिकाऱ्यांनीं मान्य केले. १४६७ मध्यें त्यांना मानचिन्ह मिळालें; कमानगरांना तें १४८८ मध्यें मिळालें. १५१५ मध्यें लंडनच्या अठ्ठेचाळीस संघांचा मानक्रम ठरला, तेव्हां कमानगर अडतिसावे आणि तीरगर एकोणचाळिसावे झाले. कापडवाले, किराणावाले, सोनार हे श्रीमंत संघ पहिल्या बारांत बसले. ज्यांच्या मालावर राज्याची इभ्रत तरली, ते पंगतीच्या शेवटच्या टोकाकडे बसले. कमानगरांनीं आपल्या मानचिन्हाखालीं ब्रीद म्हणून तीन लढायांचीं नांवें घातलीं : क्रेसी, पॉइटियर्स, ॲजिनकोर्ट. तीरगरांचें ब्रीद ‘सच्चा आणि अचूक’ अशा अर्थाचें आहे.

हा धंदा राज्याला इतका निकडीचा होता कीं, त्यासाठीं राज्यानें इतर धंद्यांवर बंधनें घातलीं. बाणाच्या काडीला ॲस्पेन झाडाचें हलकें लांकूड लागे. तेंच लांकूड चिखलांत वापरावयाच्या खडावा करणारांनाही लागे. इ. स. १४१६ मध्यें पार्लमेंटनें कायदा केला कीं, खडावा करणारांनीं ॲस्पेनला हात लावूं नये. पुढें १४६४ मध्यें, बाणास निरुपयोगी असलेलें ॲस्पेन त्यांना वापरतां येईल, अशी मोकळीक मिळाली. सुमारें अर्धशतक एका देशाच्या पादत्राणांनीं बाणांसाठीं वाट सोडली!

पिसांचेंही तसेंच. १४१७ मध्यें पांचव्या हेन्रीनें परगण्यांच्या शेरिफांना हुकूम सोडला कीं, प्रत्येक कलहंसामागें पंखांचीं सहा पिसें गोळा करून लंडनला पाठवावींत. पुढच्या वर्षीं मागणी झाली ती ११,९०,००० पिसांची. बाणाला तीन पिसें या मानानें हे जवळजवळ चार लाख बाण झाले आणि पक्ष्यामागें सहा पिसें या मानानें सुमारें दोन लाख पक्षी झाले. गांवोगांवच्या तळ्यांवरून राजाच्या युद्धासाठीं पिसें निघालीं आणि तीं तीरगरांच्या बोटांखालून गेलीं.

यूचें लांकूड तर इंग्लंडांत पुरेसें चांगलें होत नसे. तेथील झाड गांठाळ. डोंगराळ प्रदेशांत सावकाश वाढलेलें परदेशी लांकूड सरळ आणि चिवट. म्हणून १४७२ मध्यें असा कायदा झाला कीं, व्हेनिससारख्या ठिकाणांहून माल आणणाऱ्या व्यापाऱ्यानें दर टन मालामागें धनुष्याच्या चार फळ्या आणल्याच पाहिजेत. फळ्यांचा भाव शेंकड्यास दोन पौंडांवरून आठ पौंडांवर गेल्याची ओरड झाली, तेव्हां १४८४ मध्यें तिसऱ्या रिचर्डच्या पार्लमेंटनें गोड मद्याच्या प्रत्येक पिंपामागें दहा फळ्यांची अट घातली. दारू हवी असेल तर धनुष्य आणा, असा हा रोखठोक व्यवहार होता. मध्यंतरीं १४८२ मध्यें धनुष्याची किंमत तीन शिलिंग चार पेन्सांहून अधिक असूं नये असें ठरविण्यांत आलें. घोडेस्वार तिरंदाजाला दिवसाला सहा पेन्स मिळत. म्हणजे एक धनुष्य त्याच्या जवळजवळ सात दिवसांच्या पगाराएवढें होतें. कमानगराला महाग लांकूड घेऊन ठराविक भावानें माल विकावा लागे. अशा वेळीं हलक्या मालाचा मोह किती झाला असेल, याची कल्पना कोणाही व्यवहारी माणसाला येईल.

आणि येथेंच संघाच्या पुढाऱ्यांच्या कामाचें मोल कळतें. बाकीच्या मालांत खोट निघाली तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशीं परत येऊन भांडतें. लोहारानें मऊ लोखंडाचें टोक बसविलें, तर तें चिलखतावर वळून पडलें हें सांगावयास तो तिरंदाज परत येईलच असें नाहीं. तीरगरानें सरस पातळ केला, तर समुद्रावरच्या दमट हवेंत पिसें सुटलीं हें त्याला लंडनमध्यें कधींच कळणार नाहीं. करणाऱ्याची आणि वापरणाऱ्याची गांठ पडत नाहीं. मध्यें राजाचा भांडारी, गाडीवान, जहाज आणि समुद्र. जेथें गिऱ्हाइकाला तक्रार करतां येत नाहीं, तेथें त्याच्या वतीनें कोणीतरी आधींच तक्रार करावयास हवी. तें काम वॉर्डन करीत. त्यांची झडती म्हणजे न आलेल्या शिपायानें आगाऊ मांडलेली फिर्याद होती.

राज्यानेंही ही गोष्ट ओळखली होती. १४०६ च्या कायद्यांत बाणांचीं टोकें नीट भट्टीतून काढून त्यांच्या अग्राला पोलादाची कठिणता दिलीच पाहिजे असें म्हटलें आणि प्रत्येक टोकावर करणाऱ्याची खूण असलीच पाहिजे असें सांगितलें. ही खूण मोठी अर्थपूर्ण आहे. आजच्या काळांत खूण जाहिरातीसाठीं घालतात. त्या काळीं ती जबाबदारीसाठीं घालीत. चुकीचें टोक सांपडलें, तर तें कोणाच्या भट्टींतलें हें लपूं नये, एवढ्यासाठीं ती होती.

तथापि या संघांची दुसरी बाजू झांकून ठेवणें इतिहासाला धरून होणार नाहीं. सोळाव्या शतकांत तोफा-बंदुका सुधारल्या आणि लोकांचा धनुष्याचा सराव घटला. १३६३ मध्येंच तिसऱ्या एडवर्डनें सुटीच्या दिवशीं चेंडूचे खेळ सोडून तिरंदाजी करण्याची आज्ञा काढली होती; म्हणजे लोकांचें मन वळवावें लागण्याची वेळ तेव्हांही आलीच होती. आठव्या हेन्रीच्या काळीं कमानगर, तीरगर, दोरीवाले आणि टोकें घडविणारे लोहार यांनीं एकत्र गाऱ्हाणें मांडलें कीं, काम नसल्यामुळें धंद्यांतील माणसें स्कॉटलंडांत व इतरत्र जाऊन राहूं लागलीं आहेत. त्यावर इ. स. १५४१-४२ च्या सुमारास मोठा कायदा झाला. सात ते सतरा वर्षांच्या प्रत्येक मुलासाठीं घरांत एक धनुष्य आणि दोन बाण, सतरा वर्षांवरच्या माणसापाशीं एक धनुष्य आणि चार बाण. चोवीस वर्षांवरच्यानें २२० यार्डांच्या आंतल्या निशाणावर नेम धरूं नये. फासे, पत्ते, टेनिस आणि गोट्यांचे खेळ सामान्य माणसाला बंद. देशाचें संरक्षण हा या कायद्याचा बोलका हेतु होता; पण त्याच्या आड कारागिरांच्या चुलीही होत्या. स्वतःचा धंदा टिकावा म्हणून दुसऱ्याचा खेळ बंद करावयास सांगणें ही गोष्ट मानवी आहे, पण भूषणावह नाहीं.

याच काळांत धनुष्याला एक विद्वान वकील मिळाला. केंब्रिजचा रॉजर ॲशम यानें १५४५ मध्यें ‘टॉक्सोफिलस’ नांवाचा ग्रंथ लिहून राजाला अर्पण केला आणि राजानें त्याला सालीना दहा पौंडांचें वेतन करून दिलें. हाच ॲशम पुढें राजकन्या एलिझाबेथचा गुरु झाला. पंडितांनीं लॅटिनमध्येंच लिहावयाचें, अशा काळांत त्यानें हा ग्रंथ इंग्रजींत लिहिला, कारण तो ज्यांच्यासाठीं होता त्यांची भाषा तीच होती. तीरगरांच्या कामाची त्यानें बारकाईनें परीक्षा केली आहे. युद्धाच्या बाणाला हलक्या ॲस्पेनपेक्षां ॲश झाडाचें जड लांकूड बरें, असें तो निर्भीडपणें सांगतो.

ज्या वर्षीं हा ग्रंथ निघाला, त्याच वर्षीं, १९ जुलै १५४५ रोजीं, ‘मेरी रोझ’ नांवाची राजाची युद्धनौका पोर्ट्समथजवळ बुडाली. चारशें सदतीस वर्षांनीं, ११ ऑक्टोबर १९८२ रोजीं, तिचा सांगाडा वर काढण्यांत आला. तीवर १३७ अखंड धनुष्यें आणि साडेतीन हजारांहून अधिक बाण सांपडले. चिखलानें झांकल्यामुळें लांकूड कुजलें नव्हतें. बाण चोवीसांच्या जुडींत, भोंकें पाडलेल्या चामड्याच्या चकत्यांत बसविलेले होते. बहुतेक पॉप्लर जातीच्या लांकडाचे असले, तरी कांहीं बीच, ॲश व हेझलचेही होते. धनुष्यें ओढण्यास किती बळ लागे याचा अंदाज तज्ज्ञांनीं बांधला, तो सामान्यतः शंभर ते एकशें पंच्याऐंशी पौंडांचा आहे. असें धनुष्य तरुणपणीं हातांत घेऊन चालत नाहीं. त्यासाठीं हाडें लहानपणापासून घडावीं लागतात.

आणि धनुष्य हरलें तें याच कारणानें. १५९० मध्यें सर जॉन स्माइथ या वृद्ध योद्ध्यानें धनुष्याची बाजू घेऊन ग्रंथ लिहिला. धनुष्य बंदुकीहून झपाट्यानें चालतें आणि पावसांत दारू भिजते तशी त्याला भीति नाहीं, हें त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. पण बंदूक चालविणारा कांहीं आठवड्यांत तयार होई आणि तिरंदाज तयार व्हावयास एक बालपण खर्ची पडे. मुलांचीं बालपणें कायद्यानें मागतां येत नाहींत. १५६६ मध्यें पुन्हां किंमती ठरविण्यांत आल्या : उत्तम परदेशी यूचें धनुष्य सहा शिलिंग आठ पेन्स, मध्यम तीन शिलिंग चार पेन्स, इंग्रजी यूचें दोन शिलिंग. पण गिऱ्हाईकच कमी झालें, तेथें किंमत ठरवून काय होणार? १५९५ मध्यें राणी एलिझाबेथच्या मंत्रिमंडळानें नागरी पथकांतून धनुष्याच्या जागीं बंदुका घेण्याचा हुकूम काढला.

तीन वर्षांनीं, १५९८ मध्यें, जॉन स्टो नांवाच्या वृद्ध गृहस्थाचें लंडनच्या वर्णनाचें पुस्तक प्रसिद्ध झालें. धंद्यानें शिंपी असलेला हा मनुष्य गल्लोगल्लीं पायीं फिरून माहिती गोळा करी. सेंट पॉलच्या चर्चपासून लडगेटपर्यंतच्या रस्त्याला पूर्वीं कमानगरांची आळी म्हणत. तेथें आतां कापडवाले आणि इतर दुकानदार बसले आहेत, असें त्यानें नोंदविलें. ग्रब स्ट्रीटवर कांहीं वर्षांपूर्वीं कमानगर, तीरगर आणि दोरीवाले राहत. आतां त्या घरांच्या जागीं चेंडू घरंगळविण्याचे आणि जुगाराचे अड्डे झाले आहेत, असें त्याला दिसलें. ज्या खेळांवर बंदी घालून धनुष्य वांचवावयाचें होतें, त्याच खेळांनीं धनुष्याची आळी व्यापली. कायद्याचा पराभव याहून स्पष्ट कसा दिसावा!

यानंतरचा इतिहास कांहींसा विनोदाचा, कांहींसा करुणेचा आहे. कमानगरांच्या संघाला राजसनद मिळाली ती १६२१ मध्यें, म्हणजे धनुष्य बाद झाल्यावर सव्वीस वर्षांनीं. तीरगरांनीं तर राजसनद कधीं घेतलीच नाहीं. पुरातन वहिवाट हीच त्यांची सनद. १६२५ मध्यें विल्यम नीड नांवाच्या गृहस्थानें भाल्याला धनुष्य जोडून दुहेरी हत्यार करण्याची युक्ति सुचविली; ती रणांगणावर टिकली नाहीं. १६६६ च्या भयंकर आगींत लंडनचा मोठा भाग आणि कित्येक संघांचे वाडे भस्म झाले. १७८१ मध्यें सर ॲश्टन लीव्हर यानें तिरंदाजीचें एक मंडळ स्थापून धनुष्याला पुन्हां प्रतिष्ठा दिली, पण आतां तो सुखवस्तु लोकांचा विरंगुळा झाला होता. ग्रब स्ट्रीटचें नांवही १८३० मध्यें बदलून मिल्टन स्ट्रीट करण्यांत आलें.

तरीही संघ उरले. त्यांच्यांत दाखल होणारे आतां वकील, व्यापारी, अधिकारी अशा नाना व्यवसायांचे लोक असतात. मास्टर निवडला जातो, वॉर्डन निवडले जातात, कारकून आणि बीडल आहेत. झडती घ्यावयास दुकानें नाहींत. म्हणून जुन्या कामांपैकीं जें धंद्यावर अवलंबून नव्हतें, तें त्यांनीं हातीं ठेविलें : गरजूंना मदत, शिक्षणास साहाय्य आणि तिरंदाजीच्या खेळास उत्तेजन. अपंग माणसांना तिरंदाजीची संधि मिळावी याकडे तीरगरांच्या संघाचें विशेष लक्ष आहे. त्यांचा स्वतःचा वाडा कालौघांत गेला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्यांनीं शेतकऱ्यांच्या संघाबरोबर भागीनें लंडनच्या क्लॉथ स्ट्रीटवर एक सभागृह केलें आहे. पांचव्या हेन्रीच्या काळीं ज्यांच्या तळ्यांवरून पिसें यावयाचीं, त्यांच्याच धंद्याच्या संघाशीं तीरगर आज एका छपराखालीं बसतात.

या सर्व इतिहासाचा निष्कर्ष काय निघतो? राजाज्ञेनें धंदा जगविण्याचा प्रयत्न इंग्लंडनें दोनशें वर्षांहून अधिक काळ केला. लांकूड राखलें, पिसें मागविलीं, किंमती बांधल्या, खेळ बंद केले. आणि तो प्रयत्न फसला. एखाद्या हत्याराचा काळ संपला म्हणजे तो कोणालाही परत आणतां येत नाहीं. आपल्याकडीलही कित्येक पेठांतील कारागिरीची अशीच वाताहत झालेली आहे. तीबद्दल हळहळ वाटणें स्वाभाविक आहे. पण केवळ हळहळीनें किंवा केवळ संरक्षणानें धंदा जगत नाहीं, हा धडा लंडनच्या कमानगरांनीं चांगलाच महाग विकत घेतला.

पण दुसरी एक गोष्ट त्यांनीं जगविली. ज्या माणसाला आपण कधीं पाहणार नाहीं, त्याच्याशीं इमानानें वागावयाचें आणि तें इमान एकट्याच्या लहरीवर न सोडतां चौघांच्या शिस्तीत बांधावयाचें, ही ती गोष्ट होय. जुन्या काळीं तो न दिसणारा माणूस फ्रान्सच्या चिखलांत उभा असलेला तिरंदाज होता; आज तो संघाच्या मदतीवर शिकणारा विद्यार्थी किंवा चाकांच्या खुर्चीवर बसून नेम धरणारा खेळाडू असतो. माणूस बदलला, देणें तेंच राहिलें. दोरीवाल्यांच्या संघापाशीं असें कांहीं उरलें असतें, तर कदाचित् तोही आज नांदत असता.

‘मेरी रोझ’वरील धनुष्यें पोर्ट्समथच्या संग्रहालयांत ठेवलेलीं आहेत. त्यांपैकीं पुष्कळांवर, मधल्या पकडीच्या जवळ, लांकडांत टोंचलेल्या बारीक खुणा आहेत. त्या खुणा कोणाच्या, तें आतां कोणालाही सांगतां येणार नाहीं. करणारा गेला, वापरणारा समुद्राच्या तळाशीं गेला, तपासणारा वॉर्डनही गेला. परंतु पावणेपांचशें वर्षांनंतरही लांकूड सरळ आहे, पांढरा आणि तांबडा थर जेथें असावयास हवा तेथेंच आहे, आणि खूण आपल्या जागीं आहे. कोणी विचारावयास आलें, तर जबाब द्यावयास ती अजून तयार आहे.